उजवीकडची खिडकी

"आबा, लवकर सांगा. डावी का उजवी?"

विशाखानं मोबाइल आजोबांपुढं धरला. पडद्यावर विमानातल्या जागांचे चौकोन होते. आजोबा-आजींना शेजारीशेजारी दोन जागा मिळत होत्या. खिडकी मात्र एकच.

"उजवी," व्यंकटीआबा ताडकन म्हणाले.

हैदराबादला लेकाकडं जाताना विमान, येताना रेल्वे असं ठरल्यापासून ते रोज सकाळी शेताच्या मावळतीच्या बांधावर उभे राहत. नांदेडहून उडालेलं विमान त्या अंगानं जाई. ते येताना दिसलं की आबा त्याच्याकडं तोंड करून दोन्ही हात पसरत आणि शेत कोणत्या हाताला पडतं ते बघत. उमरीजवळचं आपलं तीन एकर त्यांनी उभ्या जन्मात एका नजरेत पाहिलं नव्हतं. बांधावरून एक कोपरा दिसायचा, विहिरीवर गेलं की दुसरा. वरून सगळं एकदम दिसणार होतं.

ओसरीवर आजी कोंडाबाई तूर पाखडत होत्या. त्यांचं सूप थांबलं.

"चुकलात," मग त्या म्हणाल्या.

"काय चुकलं? चार दिस झाले बघून राहिलो मी."

"तोंडाकडून बघून राहिलात. इमान तुमच्याकडं येतंय, तुम्ही त्येच्याकडं तोंड करून उभे. आत बसल्यावर तोंड हैदराबादकडं राहतंय का नांदेडकडं?"

विशाखा हसली. "आबा, पाठमोरे बसून जाणार का काय?"

आबा अंगणात गेले, हात पसरले आणि जागच्या जागी हळूहळू पाठ फिरवून उभे राहिले. शेताकडचा हात पार दुसरीकडं गेला.

"हाव की. डावी दाब माय, डावी."

"मग उजवीला काय दिसेल गं आजी?" विशाखानं सहज विचारलं.

"देगलूर. त्येच्या अलीकडं एक तळं हाय. काठानं चिंचा. चिंचा सरल्या की..." कोंडाबाई थांबल्या. सूप पुन्हा हलू लागलं, जरा जोरातच.

आबांचे हात अजून पसरलेलेच होते. ते त्यांनी खाली घेतले. चिंचा सरल्या की कुणाचं घर लागतं ते त्यांना ठाऊक होतं. नऊ वर्षं झाली, त्या घरून मूळ आलं नव्हतं. भाऊ आनंदराज बहिणीला न्यायला आला नव्हता, आणि बोलावल्यावाचून माहेरच्या दारात उभी राहील अशी ही बाई नव्हती. म्हणजे तीही रोज विमानाकडं बघत होती. मघाशी गप्प बसली असती, तर उजवी तिला आपसूक मिळाली असती.

"उजवीच दाब," आबा म्हणाले.

"अहो आबा, आणि शेत?"

"शेत रोजच बघतो की. तुकड्यातुकड्यानं का हुईना."

"काही नको," कोंडाबाई फणकारल्या. "बिनमुळाचं जायचं न्हाई मला तिकडं."

"जा कोण म्हणून राहिलं? वरून जायचंय आपल्याला. वरनं जाणाऱ्याला कुणी मूळ धाडतंय व्हय?"

विशाखाचं बोट चौकोनावर थांबलं होतं.

"आजी, दाबू का? पण मिनिटभरच दिसेल हं. जास्त नाही."

"मिनिट लई झालं."

सूप बाजूला सारून त्या उठल्या आणि मोबाइलवर वाकल्या. "ह्योच का त्यो चौकोन?" वाकताना डोक्यावरचा पदर घसरून खांद्यावर आला. सासरच्या या अंगणात तो घसरला की त्यांचा हात आपोआप वर जायचा. चाळीस वर्षं आबांनी तेच पाहिलं होतं.

आज त्यांनी तो तसाच राहू दिला.