दुसरं घर

"न्यू जर्सी म्हणजे माझं दुसरं घर!" राजीव धोपेश्वरकर माइकवरून म्हणाले आणि पिस्कॅटवेच्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

शेवटच्या रांगेत बसलेल्या आसावरीनं हात मांडीवरच ठेवले. गेल्याच उन्हाळ्यात याच माणसाच्या वकिलानं कळवलं होतं, की आमच्या अशिलाचा न्यू जर्सीशी काडीचाही संबंध नाही. तक्रारीतला प्रेशर कुकर त्यांनी बेलव्ह्यूत बनवला, बेलव्ह्यूतच विकला. तुमच्या बहिणीनं तो तिकडून भेट म्हणून आणला, त्याला ते काय करणार? खटला भरायचा तर तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात येऊन भरा. त्या कुकरचं झाकण उडून आसावरीचा उजवा डोळा भाजला होता. ऑपरेशनं अजून चालूच होती आणि डॉक्टरांनी विमानप्रवास साफ बंद केला होता. खटला इथे उभा राहिला तरच राहणार होता.

पण गृहस्थांना सत्काराचा मोह आवरला नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीसाठी मोठाले कुकर फुकट पाठवले, मंडळानं शाल-श्रीफळ द्यायला बोलावलं आणि हे निघाले विमानात बसून. शालीपुढे वकिलाला विचारायचंसुद्धा सुचलं नाही.

अभिनंदनाची रांग लागली. तिच्यात अनिका होती, आसावरीच्या वकिलाच्या ऑफिसात काम करणारी, इथेच जन्मलेली मुलगी. तिनं धोपेश्वरकरांना फुलांचा गुच्छ दिला आणि पाठोपाठ एक पाकीटही हातात ठेवलं.

"काका, आसावरीमावशींच्या केसचं समन्स आहे. यू हॅव बीन सर्व्ह्ड."

धोपेश्वरकरांचं हसू ओठांवरच वाळलं. "काहीतरीच काय! मी बेलव्ह्यूला राहतो. इथल्या कोर्टाचा माझ्याशी संबंध काय?"

"आत्ता तुम्ही न्यू जर्सीत उभे आहात ना, काका? स्वतःहून आलात, आणि समन्स इथे तुमच्या हातात पडलं. दॅट्स इनफ."

मंडळाचे अध्यक्ष नकुल पोंक्षे धावत आले, ते आसावरीकडे. "अहो आसावरीताई, हे शोभतं का? बाप्पासमोर? पाहुणे आहेत ते आपले! निदान जेवणं तरी होऊ द्यायची!"

तिच्या डोळ्यावरच्या पट्टीकडे त्यांचं लक्षही नव्हतं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी वळून पाहिलं आणि नाकं मुरडली. ज्यांच्या मुलांचे दात तिनं डेंटिस्ट म्हणून वर्षानुवर्षं सांभाळले, त्याच या बायका. आसावरीला सगळ्यांचीच किळस आली.

धोपेश्वरकर तोवर सावरले होते. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला खरंच वाईट वाटतं हो. पण कुकरमध्ये काही प्रॉब्लेम नाही. माझ्या स्वतःच्या घरात हाच आहे. हंड्रेड पर्सेंट सेफ!"

तेवढ्यात स्टेजशेजारच्या किचनमध्ये मसालेभाताच्या कुकरनं जोरात शिट्टी दिली.

हॉलमध्ये कुणाला काहीच वाटलं नाही. कुणीतरी भूक लागल्याचं म्हणालं, दोघीचौघी हसल्या. आसावरी तेवढी खुर्चीतून दचकून उठली आणि भिंतीला टेकली. मग तिनं स्टेजकडे पाहिलं.

धोपेश्वरकर किचनच्या दारापासून लांब, पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभे होते. अंगावरची नवी शाल त्यांनी दोन्ही हातांनी तोंडावर ओढून घेतली होती.