ताईंच्या हॉलचा पहिला कार्यक्रम

गायकांच्या तारखा, गाड्या आणि रुसवेफुगवे सांभाळण्यात ताईंची उमेदीची वर्षं गेली. मग एक दिवस त्यांनी बंद पडलेलं टायरचं गोदाम घेतलं, त्यात स्टेज बांधलं आणि स्वतःचा हॉल सुरू केला. पहिल्याच कार्यक्रमाला सगळ्या खुर्च्या भरल्या आणि नेमका पडदा उघडायच्या आधी गायकाचा घसा बसला. गरम पाणी झालं, वाफ झाली, पण तोंडातून नुसती हवा!

"लोक खुर्च्या मोडतील गं," ताईंचा नवरा घाबरून म्हणाला.

"मोडू देत. सांगायला मीच जाते."

ताईंनी स्टेजवर जाऊन हात जोडले आणि खरं काय ते सांगून टाकलं. हॉल चिडीचूप झाला. पेटीवाल्याला ती शांतता सोसवेना, म्हणून त्यानं गायकाच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याची सुरावट छेडली. तिसऱ्या रांगेतल्या एका जाडजूड काकांनी बेसूर, पण बिनधास्त पहिली ओळ उचलली. दुसरी ओळ अख्ख्या हॉलनं उचलली. मग काय विचारता! एकामागून एक गाणी झाली, बायका खुर्च्यांवर चढून गायल्या आणि गायक विंगेत उभा राहून हातवारे करत नाचत सुटला.

दुसऱ्या दिवशी ताईंनी तिकीट खिडकी उघडली, तर बाहेर ही रांग! सगळ्यात पुढे एक आजी होत्या.



"पुढच्या कार्यक्रमाची दोन द्या. पण गायक गाणार नसेल तरच हं!"