परातीतली गाठ

"हाई पोट कायनं शे, ते डॉक्टरच सांगी," तोताराम दवाखान्याच्या दारात ठाण मांडत म्हणाला. "तवलोंग मी आठून हालाव नही."

कमलबाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने तानुबाईला बैलगाडीतून उतरवलं आणि धुळ्याच्या त्या दवाखान्याच्या पायऱ्या चढवल्या. सून कळांनी वाकडी झाली होती. लुगड्याखालचं पोट वर आलेलं होतं, लपत नव्हतं.

कमलबाईचा मुलगा झुलाल दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या सुरुंगात गेला. तेव्हापासून शिंदखेड्याजवळच्या त्या गावात सासू आणि सून दोघीच राहत. पोट दिसायला लागल्यावर बायका पाणवठ्यावर गप्प होऊ लागल्या. मग भाऊबंद जमले. तोताराम त्यांच्यात वडीलधारा, झुलालचा चुलता. पोरीला माहेरी धाडा, नाहीतर तुम्हीही गाव सोडा, असं त्याने सांगितलं.

भरल्या चावडीवर कमलबाई एकटी उभी राहिली होती. "गाठ शे," ती म्हणाली होती. "मन्हा मरेल पोऱ्यानी आन शे. मन्ही सून तशी नही."

डॉक्टरीणबाईंनी तानुबाईला तपासलं. बराच वेळ तपासलं. पोटाच्या उजव्या अंगाला हात लागताच ती किंचाळली.

"इथे मोठी गाठ लागते आहे. तिला पीळ पडला असावा. आजच काढावी लागेल," त्या म्हणाल्या. "पाळी कधी आली होती?"

"गाठ व्हयनी नं बठ्ठं बिघडनं," कमलबाईनेच उत्तर दिलं. गाठ हा शब्द ऐकून तिला रडू फुटलं होतं.

तानुबाईने तोंड भिंतीकडे वळवलं होतं. तिला आत नेऊ लागले तेव्हा तिने सासूचा हात घट्ट धरला.

"माय, कापू नका. माले मरू दे."

"येडी शे का तू? लोक काय बी बोलतस. मी शे ना!"

कमलबाईने कागदावर अंगठा दिला आणि दाराशी जमिनीवर बसली. तोताराम समोरच्या बाकावर बसून राहिला.

दुपार कलल्यावर दार उघडलं. डॉक्टरीणबाईंच्या मागे नर्स एक झाकलेली परात घेऊन आली. कपडा काढला. आत नारळाएवढी, पांढुरकी, टणक गाठ होती.

"ही तिच्या पोटातून निघाली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमची सून वाचली."

तोतारामने वाकून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि भावजयीच्या पायांशी बसला.

"वहिनी, मन्हं चुकनं. पोरवर आळ लिया मी."

"माले नको सांगू," कमलबाई म्हणाली. "चावडीवर जाय. तठे बोलना ना तू? तठेच सांग. बठ्ठासले सांग, मन्ही सून गंगा शे."

"आत्तेच सांगस," तो म्हणाला आणि डोळे पुसत गाडी जुंपायला गेला. बैलांच्या घुंगरांचा आवाज रस्त्यावर दूर जाईपर्यंत कमलबाई दारात उभी राहिली. कितीतरी महिन्यांनी तिने मान ताठ केली होती.

ती वळली तेव्हा डॉक्टरीणबाई मागेच उभ्या होत्या.

"ते भाऊ गेले?"

"गया. आते बठ्ठा गावले सांगी तो."

डॉक्टरीणबाईंनी तिला आपल्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं आणि खुर्ची पुढे केली.

"बसा, आजी. आधी बसा."

"पोर बरी शे ना?"

"बरी आहे. गाठ गर्भपिशवीच्या बाहेर देठाला लोंबत होती. तेवढीच कापली. पिशवीला मी हातसुद्धा लावला नाही."

"का बरं?"

"पाचवा महिना आहे तिला. बाळाचे ठोके मी आत्ताच ऐकून आले."