प्रामाणिक मुंग्या

नातीला शाळेत न घालता घरीच, स्वतःच्या हाताने करायला लावून शिकवायचं, हे सुनेचं खूळ आजोबांना मान्य होतं. बटणं झाली, पानं चिकटवून झाली, तोवर ठीक. मग वजनं आली. चिमणी सकाळच्या चहानंतर आणि संध्याकाळच्या चहाआधी साखरेचा डबा काट्यावर ठेवायची आणि मुंगीचं चित्र काढलेल्या कागदावर आकडा लिहायची.

“साखरच का, सूनबाई?”

“दुपारी मुंग्या किती नेतात ते बघतोय, बाबा.”

डॉक्टरांनी साखर तोडलेल्या आजोबांच्या मनात पाल चुकचुकली. पण जन्म वजनमाप खात्यात गेलेला. त्या दुपारी दोन चमचे साखर तोंडात टाकल्यावर त्यांनी चष्मा लावून, काट्यावर मोजून, डब्यात तेवढ्याच वजनाचं मीठ कालवून ठेवलं.

“आई, आज मुंग्यांनी काहीच नेलं नाही,” संध्याकाळी चिमणी म्हणाली.

चहाचा पहिला घोट मुलाने बेसिनमध्ये थुंकला. सुनेने कसाबसा गिळला.

“बाबा, तुमचा कसा झालाय?”

“फक्कड,” बिनसाखरेचा चहा भुरकत आजोबा म्हणाले.

चिमणीने त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं आणि कागदावरच्या मुंगीच्या डोळ्यांवर पेन्सिलीने चष्मा काढला.