एकमत

“चूक तिचीच होती. मान्य असेल त्यांनी हात वर करा.”

शिवणखात्यातल्या बायकांपुढे साहेब कागद घेऊन उभे होते. आठवड्यापूर्वी कापड कापायच्या मशीनमध्ये कटिंगवालीची तीन बोटं गेली होती. मशीनवरची जाळी कामाच्या आड येते म्हणून साहेबांनीच दोन महिन्यांपूर्वी काढायला लावली होती. कागदावर मात्र कामगाराचा निष्काळजीपणा. म्हणजे भरपाई नाही, नोकरीही गेली.

काजं करणारी ही कटिंगवालीची सख्खी जाऊ. त्या दिवशी तुटलेली बोटं रुमालात बांधून तीच दवाखान्यात धावली होती. तिला वाटलं, कुणीतरी बोलेल, मग आपणही तोंड उघडू. इस्त्रीवाली तर कुणाच्या बापाला भीत नाही.

इस्त्रीवालीचा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच घुटमळला. मागून कॉलरवालीचा आला. काजवालीने दोघींकडे पाहिलं. जाळी नव्हती हे फक्त आपल्यालाच दिसलं की काय? तिचा हात वर गेला. मग रांगच्या रांग वर झाली.

साहेबांनी कागदावर सही केली आणि तो घेऊन ते काचेपलीकडे आपल्या खोलीत जाऊन बसले.

बाथरूममध्ये काजवालीने इस्त्रीवालीला गाठलं. “तूसुद्धा?”

“मी अर्ध्यात धरला होता गं, तुझ्याकडे बघत! तू तिची जाऊ. तुझाच हात वर गेल्यावर आम्ही कोण बोलणार?”

“मी तुझा बघून केला!”

“आणि मीही हिचाच,” नळाशी उभी कॉलरवाली म्हणाली. “जाळी नव्हती हे कुणाला ठाऊक नाही?”

तोंड धुणाऱ्या, केस सारखे करणाऱ्या बायका एकेक करून थांबल्या. कुणीच मान नकारार्थी हलवली नाही.

इस्त्रीवाली हसली. “म्हणजे सगळ्यांचं एकमतच होतं की!”

“मग चला,” काजवाली म्हणाली. “कागद अजून त्यांच्या टेबलावर आहे. जाऊन सांगू या.”

तिने दार उघडून धरलं. समोरच काचेमागे साहेब चहा पीत होते. पुढे कोण होतंय, हे बघत सगळ्याजणी जागच्या जागी उभ्या राहिल्या. दार धरून तीसुद्धा.