टॉवेलाखालचा हात

"तोंड उघडस नही, दलाल कसा व्हशी रे तू?" साक्रीच्या भर बैलबाजारात जीवरामनं पोराला विचारलं. झुलाल बैलाच्या दाव्याची गाठ उगाच सोडू-बांधू लागला. नुसता कानापर्यंत लाल.

म्हणजे बघा, जीवराम बैलांचा दलाल. आवाज असा की पलीकडच्या रांगेतला बैलसुद्धा मान वळवायचा. आणि पोरगं इतकं लाजाळू की तहान लागली तरी कुणाकडं पाणी मागायचं नाही. जळगावला पिंप्राळ्यात त्याच्या मामाचं टेरिकॉटचं दुकान. मामा कधीचा म्हणत होता, पाठवा इकडं. पण तिथं दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलायचं! नुसता विषय निघाला तरी झुलाल गोठ्यात जाऊन बसायचा. त्याला बाजारच बरा वाटे. इथं भाव टॉवेलाखाली, बोटं दाबून ठरतो. शब्द लागतच नाही.

"मंग आज घरनी जोडी तूच इक," जीवराम म्हणाला. "नही जमनं तर उद्या पिंप्राळा!"

गिऱ्हाईक निघाले कोण, तर मगननाना! भल्याभल्यांना रडकुंडीला आणणारा माणूस.

"पोऱ्याले खुणा येतस ना?" नानांनी विचारलं.

"धाकलपनपासून मन्हा मांडीले मांडी लाईसन बठस. त्याले काय शिकाडनं!"

टॉवेल पडला. आत नानांनी बोटं दाबली. झुलाल गप्प.

पुन्हा दाबली. झुलाल आपला बैलांच्या शिंगांकडं बघतोय.

"अरे, हो म्हन, नही म्हन!" नाना वैतागले.

झुलालनं हात जरासा आखडला, बस्स. नानांनी भाव चढवला. तरी हा दगड! माणसं गोळा झाली. नाना टोपी काढून कपाळ पुसायला लागले, पुन्हा चढले, पुन्हा चढले, शेवटी त्याचा आख्खा पंजाच आवळला. झुलालनं मान खाली घातली.

"ठरनं!" तोच होकार धरून नाना ओरडले आणि हसत सुटले. "जीवराम, तुना पोऱ्या तर तुना बाप निंघना रे!"

नानांनी आकडा सांगितला, तसा जीवरामनं तो पुन्हा दोनदा वदवून घेतला. असा भाव त्या बाजारात त्याला स्वतःला कधी मिळाला नव्हता. मग जिलबी काय, गुलाल काय, पोराला खांद्यावर घेऊन तो नाचलाच.

"पिंप्राळा गया उडत! आजपासून हाऊ धंदा तुना!"

झुलालच्या डोळ्यांत पाणी आलं. खांद्यावरूनच तो बापाच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "आबा, कोणतं बोट दाबं म्हणजे कितला भाव, हाई मले आते तरी शिकाडशी का?"