दाराजवळची जागा

अग्निशमन केंद्रातल्या धुरानं भरलेल्या सरावाच्या खोलीत दोन पुतळे पडले होते. सुलक्षणा आतल्या लहान पुतळ्याकडे धावली, तसं मोरजकर सरांनी तिला मागं ओढलं.

"आधी दाराजवळचा."

"आत मूल असलं तरी, सर?"

"तरी. निवडत बसलीस तर दोघंही जातील, आणि तूही. देव व्हायला आलीस का इथं?"

ती नऊ वर्षांची असताना एका जवानानं तिला जळत्या घरातून बाहेर आणलं होतं. धाकटा भाऊ आतच राहिला. जवानानं आपल्याला निवडलं, त्याचं चीज करायचं, म्हणून ती दलात भरती झाली होती.

त्यानं निवडलंच नव्हतं. त्या दुपारी झोपताना, वाऱ्यासाठी, दाराजवळची जागा तिनं भावाशी भांडून घेतली होती.